कोल्हापूर, तेरा किलो शिसं आणि इराची रेस

शुक्रवार

मुंबई-ठाण्यात हौस म्हणून गो-कार्ट चालवायला मिळते. आमची इराही पहिल्यांदा वडाळ्याच्या भाड्याच्या कार्टमध्येच बसली होती. पण स्वतःची रेसिंग कार्ट घेऊन मुलाला शर्यतीत उतरवायचं म्हटलं की घर सोडावं लागतं. कोणी बंगळूरजवळच्या मेको कार्टोपियाला जातं, कोणी कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेला. आमच्यासाठी सगळ्यात जवळचं म्हणजे कोल्हापूर. तिथे मोहिते रेसिंग अकॅडमीचा ट्रॅक आहे आणि माझं माहेरही तिथलंच, त्यामुळे कोल्हापूरची रेस लागली की आमच्या घरात दिवाळीसारखी तयारी सुरू होते.

इरा तेरा वर्षांची, आठवीत आहे. ज्युनिअर मॅक्स गटातून खेळते. या गटात बारा ते पंधराच्या आसपासची मुलं असतात आणि सगळ्यांना एकच इंजिन वापरावं लागतं: ऑस्ट्रियाच्या रोटॅक्स कंपनीचं १२५ सीसी टू-स्ट्रोक, साधारण २३ अश्वशक्तीचं. कार्ट जमिनीपासून जेमतेम दोन-तीन सेंटीमीटर वर. सरळीवर ताशी शंभरच्या आसपास वेग जातो आणि एवढ्या खाली बसून तो दुप्पट वाटतो, असं इरा सांगते.

माझा नवरा मंदार कार्ट घेऊन पिकअपमधून पहाटेच निघाला होता. शाळा सुटल्यावर मी, इरा आणि धाकटा ओम गाडीने निघालो. एक्स्प्रेसवे, पुण्याचा बायपास, मग खंबाटकी. साताऱ्यापर्यंत इरा विज्ञानाचं पुस्तक उघडून बसली होती. सोमवारी चाचणी होती आणि रेसला यायचं तर अभ्यास आधी, हा आमच्या घरातला करार आहे. तो ती पाळते. उंब्रज-कराडच्या पुढे उसाच्या ट्रॉल्या लागल्या. जानेवारीत हंगाम ऐन भरात असतो, ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा असेलच याचा भरवसा नाही. अंधार पडल्यावर या पट्ट्यात घाई करू नये, हे रेसला जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला सांगावंसं वाटतं. ट्रॅकवर झेंडे दाखवणारे मार्शल असतात, हायवेवर कोणी नसतं.

पेठ नाका, किणीचा टोल, आणि साडेनऊला आम्ही घरी. आईने ज्वारीच्या भाकरी आणि वांग्याचं भरीत ठेवलं होतं. आप्पा जेवायचे थांबले होते. माझे वडील चाळीस वर्षं उद्यमनगरात टर्नर होते. लेथवर उभं राहून त्यांनी ऑइल इंजिनांचे किती सुटे भाग केले असतील, त्याचा हिशेब त्यांच्याकडेही नाही. कोल्हापूरला यंत्रांचं वेड जुनं आहे. कृष्णराज महाडिकसारखा इथला मुलगा ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत गेला, त्याचं शहराला कौतुक आहे; पण त्याच्याही आधीपासून इथल्या गल्ल्यांमधून कोणी ना कोणी काही ना काही उघडून बसलेलं असतंच.

जेवताना आप्पांनी पहिला प्रश्न विचारला, "इंजिन खोलून बघायचं का एकदा?"

खोलता येत नाही. रोटॅक्सच्या इंजिनाला शिक्का असतो, तो फक्त अधिकृत केंद्रच काढू शकतं. शिक्का तुटला तर गाडी बाद. कोणाच्या बापाकडे जास्त पैसे आहेत म्हणून त्याच्या मुलाचं इंजिन जास्त पळू नये, हा त्यामागचा विचार. आप्पांना नियम पटला, पण हात शिवशिवत राहिले. मग मंदारने त्यांना या खेळाच्या जन्माची हकिगत सांगितली: १९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स नावाच्या माणसाने नळ्या जोडून सांगाडा केला आणि त्यावर गवत कापायच्या यंत्राचं इंजिन बसवलं. आप्पांनी भाकरीचा तुकडा तसाच हातात धरून ऐकलं. "म्हणजे आमच्यासारख्याच माणसानं केलंय की," म्हणाले.

शनिवार

सकाळी सातला ट्रॅकवर पोचलो तेव्हा चांगलीच थंडी होती. पिटमध्ये तंबू, स्टँडवर चढवलेल्या कार्ट, कुठे कंप्रेसर, कुठे चहाची किटली. ओमचं काम ठरलेलं आहे: पेट्रोलमध्ये तेल मिसळणं. टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण पेट्रोलमधूनच मिळतं; दहा लिटरला दोनशे मिलिलिटर. तो मापाचं भांडं डोळ्यांच्या रेषेत धरून ओततो आणि वहीत वेळ लिहून ठेवतो. दहा वर्षांच्या मुलाला इतकी जबाबदारी द्यावी का, असं एकाने विचारलं होतं. मी म्हणेन, जरूर द्यावी. त्याच्या हातचं मिश्रण आजवर चुकलेलं नाही.

तांत्रिक तपासणीत हेल्मेट, सूट, ग्लोव्हज, बरगड्यांचं कवच, टायरवरच्या खुणा, सगळं बघितलं जातं. आई पहिल्यांदाच ट्रॅकवर आली होती. तिने कार्टभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "हिला पट्टा कुठाय?"

कार्टला सीटबेल्ट नसतोच. डोक्यावर वाचवणारी चौकट नसते, त्यामुळे गाडी उलटली तर बांधलेलं मूल तिच्याखाली सापडेल. मोकळं असेल तर बाहेर फेकलं जाईल आणि सूट-हेल्मेट त्याला सांभाळतील. मी हे आईला दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही, पण पुढचे दोन दिवस सराव सुरू झाला की ती जपमाळ घेऊन तंबूत बसे. तिची काळजी मला कळते. माझी संपली आहे असं कोणी समजू नये.

सरावाची पहिली फेरी वाईट गेली. इरा आत आली, हेल्मेट काढलं, पाणी प्यायली. आमच्याकडे एक पद्धत आहे: ती स्वतः बोलेपर्यंत कोणी काही विचारायचं नाही. शेजारच्या तंबूत एक वडील मुलगा थांबायच्या आतच त्याच्यावर ओरडत होते, ब्रेक उशिरा मार, दार बंद कर, घाबरतोस काय. हेल्मेटमधून त्या पोराला निम्मं ऐकूही येत नसणार. ट्रॅकवर काय झालं हे फक्त त्यालाच माहीत असतं, आणि त्यालाच बोलू दिलं जात नाही. हे मी प्रत्येक रेसला बघते आणि प्रत्येक वेळी वाईट वाटतं.

इरा म्हणाली, "आतलं चाक उचलत नाहीये. वळणातून निघताना गाडी बाहेर सरकते आणि इंजिन दम टाकतं."

हे कळायला कार्टची रचना थोडी सांगायला हवी. मोटारीत इंजिन ज्या दोन चाकांना फिरवतं त्यांच्या मध्ये डिफरन्शियल असतं, त्यामुळे वळणावर बाहेरचं चाक जास्त फिरतं, आतलं कमी. कार्टमध्ये मागचा ॲक्सल म्हणजे सरळ एक नळी. दोन्ही चाकं एकाच गतीने फिरणार. मग वळायचं कसं? स्टीअरिंग फिरवलं की पुढच्या चाकांच्या कोनामुळे सांगाडा पिळला जातो आणि मागचं आतलं चाक क्षणभर हवेत उचललं जातं. तेवढ्यात गाडी वळते. ते चाक उचललंच नाही, तर दोन्ही चाकं एकमेकांशी भांडतात, गाडी सरळ जाऊ बघते आणि इंजिनाचे फेरे पडतात. स्प्रिंग नाही, शॉक अब्सॉर्बर नाही. सांगाड्याचं पिळणं हेच कार्टचं सस्पेन्शन.

मंदारने स्टीअरिंगवरच्या डेटा लॉगरचे आकडे बघितले. वळणातून निघताना फेरे खरंच कमी होते. त्याचा तर्क असा की गिअर लांब पडतोय, मागचं स्प्रॉकेट, म्हणजे साखळीचं दातेरी चाक, एका दाताने मोठं लावू. लावलं. आता सरळीच्या शेवटाआधीच इंजिन मिनिटाला चौदा हजार फेऱ्यांच्या मर्यादेला जाऊन तडतडायला लागलं, आणि वळणात गाडी होती तशीच. मग जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधून पेट्रोल किती जायचं ते ठरवणारा बारीक भोकाचा तुकडा. आमची आधीची रेस बंगळूरला झाली होती, समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवर. कोल्हापूर साडेपाचशेच्या आसपास. इथली हवा दाट, त्यात सकाळची थंडी, म्हणून कार्ब्युरेटरला जास्त पेट्रोल द्यावं लागतं, नाहीतर पिस्टन तापून जाम होतो. ते मंदारने सकाळीच बदललं होतं. ऊन चढल्यावर पुन्हा एक पायरी खाली आणलं. इंजिनाचा आवाज सुधारला, वेळ सुधारली नाही.

इरा तिसऱ्यांदा तेच म्हणाली, "बाबा, चाक."

दुपारी आप्पा डबा घेऊन आले. डबा माझ्या हातात दिला आणि सरळ कुंपणाकडे गेले, सरळीच्या शेवटच्या हेअरपिनपाशी, म्हणजे गाडी जवळजवळ उलटी फिरते त्या वळणापाशी. तिथे ते उकिडवे बसले आणि गाड्यांच्या मागच्या चाकांकडे बघत राहिले. बाकीच्या गाड्यांचं आतलं चाक उचलत होतं, खाली हात घालता येईल एवढं नाही, पण खालून उजेड दिसेल एवढं. आमचं जमीन सोडत नव्हतं.

परत आल्यावर त्यांनी इराला विचारलं, "गाडी वळणात शिरताना काय म्हणतीया, आणि निघताना काय म्हणतीया? दोन्ही येगळं सांग."

तिने वेगवेगळं सांगितलं. शिरताना ठीक, मधे जड, निघताना बाहेर. आप्पा मान हलवत होते. मग म्हणाले, "वजन कुठं बांधलंय?"

ज्युनिअर मॅक्सला गाडी आणि ड्रायव्हर मिळून किमान १४५ किलो भरावं लागतं, हेल्मेट-बुटांसकट. इरा शिडशिडीत आहे, त्यामुळे सीटला तेरा किलो शिसं बोल्टने बांधावं लागतं. मंदारने ते सगळं सीटच्या तळाशी बांधलं होतं. मोटारीच्या हिशेबाने ते बरोबरच. गुरुत्वमध्य जितका खाली तितकी गाडी स्थिर. पण हलक्या मुलाच्या कार्टला वळणावर थोडं वजन बाहेरच्या बाजूला कललेलं हवं असतं, तरच आतलं चाक सुटतं. शिसं वर चढवलं की कल वाढतो. अनुभवी मेकॅनिक हे करतात, आमच्या शेजारच्या तंबूतल्या मेकॅनिकनेही मान डोलावली. आप्पांनी आयुष्यात कधी कार्ट बांधली नव्हती. त्यांनी पोरीचं ऐकलं आणि चाकाकडे बघितलं, एवढंच.

"ही सकाळपासनं सांगतीया," ते मंदारला म्हणाले. मंदार म्हणाला, "हो आप्पा." आणि लगेच सीटचे बोल्ट सोडवायला बसला. माझ्या नवऱ्याचा हा गुण मला फार मोलाचा वाटतो.

अडचण अशी की आमच्या शिशाच्या लाद्या सपाट, जाड आणि मोठ्या. सीटची पाठ गोलाकार. सपाट लादी तिथे आवळली तर फायबरग्लासची सीट तडकते. संध्याकाळी आप्पा, मंदार आणि इरा उद्यमनगरात गेले. आप्पांच्या जुन्या मालकांचा मुलगा वर्कशॉप बंद करून निघाला होता, तो थांबला. मीही मागून चहा घेऊन गेले, म्हणून पुढचं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं सांगते.

आप्पांनी दोन लाद्या हॅकसॉने कापून चार केल्या. शिसं मऊ असतं, करवतीच्या दातांत भरतं. ते दर दहा-बारा हातांनी थांबून ब्रशने दात साफ करत. मग सीट उलटी करून वाळूच्या पोत्यावर ठेवली आणि तिच्या पाठीवर एकेक तुकडा धरून लाकडी हातोड्याने हळूहळू ठोकला, तो सीटच्या गोलाईला बसेपर्यंत. मधेच बोटाने कडेची फट चाचपायची, पुन्हा दोन ठोके. भोक पाडताना ड्रिल शिशात अडकू नये म्हणून रॉकेलचा थेंब. प्रत्येक तुकड्याला आठ मिलिमीटरचे दोन बोल्ट, नायलॉकचे नट, आणि सीटच्या आतून मोठा वॉशर, भार पसरावा म्हणून. तो वॉशर त्यांनी लेथवर कडा गोल करून दिला, इराच्या पाठीला टोचू नये इतका गुळगुळीत. शेवटी इराला सीटमध्ये बसवून पाठ टेकायला लावली. "कुठं लागतंय?" ती म्हणाली, डावीकडे खाली थोडं. पुन्हा सोडवलं, पुन्हा घासलं. साडेनऊ झाले होते. मग आप्पांनी सगळ्यांना साबणाने दोनदा हात धुवायला लावले. शिसं पोटात जाता कामा नये.

सहा किलो वर गेलं, सात खाली राहिलं. आईने पांढरा रस्सा पुन्हा गरम केला.

रविवार

सकाळच्या सरावात इराची वेळ चार दशांश सेकंदांनी सुधारली. बाहेरच्या माणसाला हे काहीच वाटणार नाही. एका मिनिटाच्या आतल्या लॅपमध्ये चार दशांश म्हणजे चार-पाच जागांचा फरक. आत आली तेव्हा हेल्मेटच्या फटीतून तिचे डोळे दिसत होते, आणि मी काही विचारलं नाही. "उचलतंय," ती म्हणाली.

क्वालिफाइंगमध्ये सातवी आली. तिच्यापुढे सहाही मुलगे. या खेळात मुलींचा वेगळा गट नसतो, एकाच रांगेत उभं राहायचं आणि एकाच घड्याळाने मोजून घ्यायचं. वडोदऱ्याची मीरा एर्डा अशीच मुलांबरोबर खेळत मोठ्या गाड्यांपर्यंत गेली. इराच्या वहीच्या पहिल्या पानावर तिचं नाव आहे आणि त्याखाली आमच्या मुंबईच्या जेहान दारूवालाचं, ज्याने २०२० मध्ये बहारीनला फॉर्म्युला टूची शर्यत जिंकली. तोही कार्टिंगमधूनच वर आला.

प्री-फायनलमध्ये, म्हणजे फायनलच्या रांगेतली जागा ठरवणाऱ्या शर्यतीत, इरा पाचवी आली आणि नववी ठरली. दुसऱ्या लॅपला पुढच्याच्या मागच्या बंपरला तिच्या कार्टचं नाक लागलं आणि पुढचं प्लास्टिक आत ढकललं गेलं. नियम असा की शर्यत संपताना ते जागेवर नसेल तर पाच सेकंदांचा दंड. मुलांनी एकमेकांना ढकलत खेळू नये म्हणूनच ते असं हलकं बसवलेलं असतं. धक्का तिच्याकडूनच लागला होता. तिने निर्णयाच्या कागदावर सही केली, तंबूत येऊन एक केळं खाल्लं आणि पंधरा मिनिटं डोळे मिटून पडली. मग उठून विज्ञानाचं पुस्तक उघडलं. मला वाटलं होतं रडेल. मागच्या वर्षी रडली असती.

फायनल दुपारी तीनला. टायरमधली हवा मंदारने सकाळपेक्षा कमी केली, कारण ट्रॅक तापला होता आणि टायर फिरत फिरत स्वतःच दाब वाढवतात. दोन रांगांनी गाड्या फॉर्मेशन लॅपला निघाल्या, हळू, नाकाला नाक लावून, दिवे विझले आणि सगळा आवाज एकदम आमच्या अंगावर आला. आई जपमाळ घेऊन पहिल्यांदाच कुंपणापाशी उभी होती.

पहिल्या वळणात दोन गाड्या एकमेकींत अडकून बाहेर गेल्या, पिवळा झेंडा हलला. इरा सातवी. त्यानंतर बराच वेळ काहीच घडलं नाही असं बघणाऱ्याला वाटेल; सहाव्या गाडीच्या मागे ती तशीच फिरत होती. पण आप्पा हेअरपिनपाशी होते आणि त्यांनी नंतर सांगितलं की ती प्रत्येक लॅपला त्याच्यापेक्षा थोडी आधी ॲक्सिलरेटरवर येत होती. पुढच्याची गाडी वळणातून बाहेर सरकत होती, हिची सुटत होती. शेवटून चौथ्या लॅपला तिने हेअरपिनच्या आत नाक घातलं, अर्धी गाडी शेजारी लावली आणि जागा घेतली, कोणाला न लागता. शेवटच्या लॅपला पाचव्याने ब्रेक फार उशिरा मारला, तो रुंद गेला, ती आतून निघाली. पाचवी.

पण वजनकाटा होईपर्यंत निकाल पक्का नसतो. शर्यत संपली की गाड्या थेट पार्क फर्मेत, म्हणजे तपासणीसाठीच्या बंद आवारात जातात, तिथे आई-बापांना प्रवेश नाही. आम्ही जाळीबाहेरून बघत होतो. इराने कार्ट काट्यावर ढकलली, हेल्मेट डोक्यावरच, त्यात बसली. शर्यतीत पेट्रोल जळतं, घाम जातो; म्हणून मंदार थोडं वजन जास्तच ठेवतो, पण काल लाद्या कापताना शिशाचा कीस गेला होता आणि तो किती गेला हे आम्ही रात्री मोजलं नव्हतं, सकाळीच मोजलं. आकडा एकशे पंचेचाळीस पूर्णांक सहावर थांबला. अधिकाऱ्याने कागदावर लिहिलं. आप्पांनी माझा दंड घट्ट धरला होता, तो तेव्हा सोडला.

चषक पहिल्या तिघांना. इरा टाळ्या वाजवत उभी होती, पहिला आलेला मुलगा तिच्याच वर्षाचा. त्याच्याशी ती बराच वेळ जेट आणि टायरवर बोलत होती.

हा खेळ स्वस्त नाही. आमचा सांगाडा जुना, दुसऱ्याकडून घेतलेला आहे; तरी टायर, प्रवेश शुल्क, पिकअपचं भाडं यातच आमच्या सुट्ट्यांचे पैसे जातात. हे आम्ही ठरवून, चौघांनी बसून ठरवलेलं आहे. आपल्या मुलाला आणायचं असेल, तर आधी भाड्याच्या कार्टवर भरपूर चालवू द्या, एखादी रेस नुसती बघायला या, आणि पिटमध्ये फिरून तिथल्या लोकांशी बोला. लोक सांगतात. पाना लागला तर प्रतिस्पर्ध्याचा तंबू देतो, हे मी अनेकदा अनुभवलंय.

संध्याकाळी सामान भरताना इरा आप्पांना सांगत होती की अजून शेवटच्या दोन वळणांत तिसऱ्या आलेल्याच्या मागे पडतेय, शिरताना मागची बाजू थोडी सुटते. आप्पांनी विचारलं, ब्रेक सोडल्यावर की सोडायच्या आधी? ती थांबली, डोळे मिटून हाताने स्टीअरिंग फिरवल्यासारखं केलं, आणि म्हणाली, "आधी."

"मग ॲक्सलचं बघावं लागंल," आप्पा म्हणाले. मऊ आणि कडक ॲक्सल असतात हे मंदारने त्यांना सांगितलं, तेव्हा ते वही मागायला लागले. ओमने आपल्या पेट्रोलच्या वहीतलं मागचं पान फाडून दिलं. बंगळूरच्या रेसला आप्पा येणार आहेत. रेल्वेचं तिकीट आईने रात्रीच काढायला लावलं, स्वतःचंही.